रात्रीचे तीन याम : पालि परंपरेतील निद्रा, स्मरण आणि पाठांतर

एप्रिल महिना उजाडला की महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत, वसतिगृहांत आणि विहारांना जोडलेल्या अभ्यासिकांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम योजिला जातो. परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना ग्रंथवाचनाने अभिवादन करण्याची ही रीत आम्हाला मिरवणुकीहून अधिक मोलाची वाटते. परंतु या उपक्रमाच्या आडोशाने एक समज आमच्या विद्यार्थ्यांत मूळ धरू लागला आहे. झोप ही अभ्यासाची वैरीण आहे, जो कमी झोपतो तो अधिक शिकतो, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा न लावता वाचणे हीच खरी निष्ठा, असा तो समज. त्याच्या पुष्ट्यर्थ कोणी धम्मपदाच्या अप्पमादवग्गाकडे बोट दाखवितो, तर कोणी 'जागरिय' या पालि शब्दाचा दाखला देतो. आधार पालि वाङ्मयाचा घेतला जात असेल तर तो आधार खरोखर तेथे आहे काय, हे तपासणे पालिच्या अभ्यासकांचे काम ठरते. ते आम्ही येथे करू इच्छितो.

'जागरिय' हा शब्द निकायांत सुटा फारसा येत नाही. तो 'जागरियानुयोग' या सामासिक रूपात, शिक्षणक्रमातील एक पायरी म्हणून येतो. मज्झिमनिकायातील गणकमोग्गल्लान सुत्ताचा प्रसंग या दृष्टीने फार बोलका आहे. हा ब्राह्मण व्यवसायाने गणक, म्हणजे हिशेबनीस. सावत्थीच्या पूर्वारामात, मिगारमातेच्या प्रासादात येऊन तो भगवंतांना विचारतो, की इमारतीला जशा पायऱ्या असतात, आमच्या गणनविद्येत जसे आम्ही शिष्याला एकापासून क्रमाने पुढे नेतो, तसा काही अनुक्रम आपल्या धम्मविनयात सांगता येतो काय? भगवंत होकार देऊन क्रम सांगतात : प्रथम शील, मग इंद्रियसंवर, मग भोजनातील मात्रा, मग जागरियानुयोग, मग सतिसंपजञ्ञ. भोजनाच्या मात्रेनंतर लगेच जागरियाची पायरी यावी, हा क्रम आम्हाला सहेतुक वाटतो. अन्नाप्रमाणे झोपेचाही येथे मात्रेच्या दृष्टीने विचार झाला आहे. अन्न वर्ज्य केलेले नाही, तशी झोपही वर्ज्य केलेली नाही.

या पायरीचा तपशील निकायांत अनेक ठिकाणी जवळजवळ त्याच शब्दांत आढळतो. दिवसा चंक्रमण करीत आणि बसून चित्ताची आवरणे दूर करावीत. रात्रीच्या पहिल्या यामात तेच करावे. मधल्या यामात उजव्या कुशीवर, पायावर पाय ठेवून, सीहसेय्येने निजावे. निजताना स्मृती आणि जाणीव जागी असावी, आणि मनात 'उट्ठानसञ्ञा', म्हणजे अमुक वेळी उठावयाचे आहे ही खूण बांधून घ्यावी. शेवटच्या यामात उठून पुन्हा चंक्रमण आणि आसन. ज्या सूत्रपाठाला 'जागरणाचा अभ्यास' हे नाव आहे, त्याच्या ऐन मध्यभागी झोप ठेविलेली आहे.

येथे हिशेब नीट मांडला पाहिजे. मगध-कोसल प्रदेशात उन्हाळ्याची रात्र दहा तासांहून थोडी अधिक आणि हिवाळ्याची साडेतेरा तासांच्या आसपास असते. तिचे तीन भाग केले तर एक याम सुमारे साडेतीन ते साडेचार तासांचा होतो. म्हणजे रात्रीची झोप चारएक तासांची. ही मात्रा पाहून कोणी म्हणेल, की मग आमच्या विद्यार्थ्यांनीही चारच तास निजावे. आम्हाला हे मान्य नाही. हा क्रम प्रव्रजितांसाठी आहे. भिक्खूला दुपारच्या उष्ण वेळी 'दिवाविहार' होता, एकवेळच्या भोजनाचा हलकेपणा होता, संसाराचा भार नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी तीन तासांत उत्तरपत्रिका भरावयाची नव्हती. वाढत्या वयाच्या मुलामुलींना तो जसाच्या तसा लावणे म्हणजे सुत्ताचा संदर्भ सोडून शब्द तेवढे धरणे होय. सुत्तातून घ्यावयाचे ते हे, की जागण्याला वेळ आहे तशी निजण्यालाही वेळ आहे, आणि दोन्ही वेळा आधी ठरवून घ्यावयाच्या आहेत.

स्वतः भगवंतांच्या झोपेविषयी निकाय काही लपवीत नाहीत. महासच्चक सुत्तात सच्चक निगंठपुत्त मुद्दाम खोचून विचारतो, की आपण दिवसा झोपल्याचे आपणांस आठवते काय? भगवंत सरळ सांगतात, की होय, उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात, भिक्षाटनाहून परतल्यावर, भोजनानंतर, संघाटी चौघडी घालून उजव्या कुशीवर स्मृतियुक्त निजल्याचे आठवते. सच्चकाला यात मूढपणा दिसतो. भगवंतांना तो दिसत नाही. मूढपणा कशात असतो ते ते त्याला आसवांच्या भाषेत समजावून सांगतात. कपिलवत्थूत शाक्यांच्या नव्या सभागारात रात्री उशिरापर्यंत उपदेश केल्यावर पाठ दुखते असे सांगून त्यांनी पुढचे प्रवचन आनंदाकडे सोपविले आणि ते तेथेच आडवे झाले, हा प्रसंग सेख सुत्तात आहे. त्या रात्री आनंदाने शाक्यांना जे समजावून सांगितले त्यात जागरियानुयोगही होता. शास्ता निजलेला आणि शिष्य जागरिय शिकवितो आहे, आणि यात संगीतिकारांना काही विसंगत वाटले नाही!

आता मोग्गल्लानाकडे वळू. अंगुत्तरनिकायाच्या सत्तकनिपातात पचलायमान सुत्त आहे. 'पचलायमान' म्हणजे पेंगणारा. महामोग्गल्लान मगधातील कल्लवाळपुत्त गावात बसल्या बसल्या डुलक्या घेत होते. भग्ग जनपदातील सुंसुमारगिरी येथे असलेल्या भगवंतांनी ते जाणले आणि तेथे येऊन त्यांना उपाय सांगितले. पुढे अग्रश्रावक झालेल्या थोर भिक्खूला पेंग येत होती हे परंपरेने झाकून ठेविले नाही, याचे आम्हाला नेहमीच कौतुक वाटते. उपाय पाहावेत. ज्या विचाराने पेंग येते तो विचार सोडून द्यावा. तेवढ्याने न गेली तर ऐकलेला, पाठ केलेला धम्म मनात घोळवावा. तरीही न गेली तर तो मोठ्याने म्हणावा, म्हणजेच सज्झाय करावा. मग दोन्ही कान ओढावेत, हातपाय चोळावेत. मग उठून डोळे पाण्याने धुवावेत, दिशा न्याहाळाव्यात, आकाशातील नक्षत्रांकडे पाहावे. मग आलोकसञ्ञा, म्हणजे रात्रीही दिवसासारखा उजेड आहे ही जाणीव, मनात धरावी. मग चंक्रमण करावे. आणि एवढे करूनही पेंग न गेली तर?

तर निजावे. सीहसेय्येने, उठण्याची खूण मनात बांधून, निजावे. जाग आली की त्वरेने उठावे. निजण्याच्या, लोळण्याच्या सुखाला चिकटून राहू नये.

आमच्या अभ्यासिकांतील मुले यातील कान ओढणे, डोळे धुणे आणि येरझारा घालणे हे सारे करतात, कोणी न शिकविताही करतात. शेवटची पायरी मात्र त्यांना पराभव वाटते. सुत्तात ती पराभव नाही. मधल्या उपायांनी जी जाते ती आळसाची पेंग आणि जी कशानेच जात नाही ती शरीराची गरज, हा निवाडा त्या क्रमातच आहे. आणखी एक बाब लक्षात घ्यावी : या उपायांत 'मोठ्याने म्हणणे' हे 'मनात घोळविण्या'नंतर येते. डोळ्यांनी नुसती ओळ फिरविणे त्यांत कोठेच नाही. मौखिक परंपरेत ते संभवतच नव्हते हे खरे. पण रात्री दोन वाजता पुस्तकावर डोळे ठेवून बसलेला विद्यार्थी वाचत असतो की केवळ पाने उलटीत असतो, हे त्याचे त्यानेच पाहावे.

पचलायमान सुत्त पेंगेविषयी आहे. परंतु पाठ केलेले ऐनवेळी का आठवत नाही, हा परीक्षार्थीचा खरा प्रश्न. तो प्रश्न जवळजवळ याच शब्दांत भगवंतांना विचारला गेला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. विचारणारा होता संगारव नावाचा ब्राह्मण. ही चर्चा संयुत्तनिकायाच्या बोज्झंगसंयुत्तात आणि अंगुत्तराच्या पंचकनिपातात, अशी दोन ठिकाणी जतन झाली आहे. संगारव विचारतो : असे का होते, की दीर्घकाळ घोकलेले मंत्रही कधी आठवत नाहीत, मग न घोकलेल्यांची गोष्टच सोडा? आणि कधी न घोकलेलेही सहज आठवतात, ते का?

भगवंत पाच नीवरणे सांगतात आणि प्रत्येकासाठी पाण्याच्या पात्राची एक उपमा देतात. पाण्यात आपला चेहरा पाहावयाचा आहे असे समजावे. कामरागाने व्यापलेले चित्त म्हणजे लाख, हळद, नीळ वा मंजिष्ठ मिसळलेले रंगीत पाणी. ब्यापादाने व्यापलेले चित्त म्हणजे विस्तवावर उकळणारे पाणी. थीनमिद्धाने, म्हणजे सुस्ती आणि गुंगीने, व्यापलेले चित्त म्हणजे शेवाळाने झाकलेले पाणी. उद्धच्चकुक्कुच्चाने, म्हणजे चलबिचल आणि रुखरुख यांनी, व्यापलेले चित्त म्हणजे वाऱ्याने लाटा उठलेले पाणी. विचिकिच्छेने व्यापलेले चित्त म्हणजे अंधारात ठेविलेले गढूळ पाणी. या पाचांपैकी कशातही चेहरा जसा आहे तसा दिसत नाही.

या उत्तराचे महत्त्व दुहेरी आहे. पहिले असे, की ज्या वर्गाने पाठांतर ही आपली जन्मसिद्ध ठेव मानली, त्या वर्गातील मनुष्य येथे विस्मरणाचे कारण एका श्रमणाला विचारतो आहे. उत्तरात जन्म नाही, वर्ण नाही, देवतेचा कोप नाही, उच्चारदोषाचे पातक नाही. कारणे सगळी चित्ताच्या अवस्थेत आहेत, म्हणून ती कोणालाही लागू आहेत आणि कोणालाही दूर करता येण्याजोगी आहेत. पाठांतर वर्णाधीन नाही याचा पुरावा पहिल्या संगीतीने दिलाच आहे. राजगहाला संपूर्ण विनयाच्या प्रश्नांची उत्तरे ज्या थेरांनी दिली ते उपालि पूर्वाश्रमी शाक्यांचे न्हावी होते. आमच्या घरांतील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला 'तुमच्यात पाठांतर नाही' असे आजही कोठे कोठे ऐकावे लागते. त्याने हे नाव लक्षात ठेवावे.

दुसरे महत्त्व आमच्या विषयाशी थेट निगडित आहे. पाच पात्रांपैकी दोन, शेवाळाचे आणि लाटांचे, ही परीक्षेच्या आदल्या रात्रीची चित्रे म्हणून पाहता येतात. रात्रभर जागलेला विद्यार्थी सकाळी परीक्षागृहात शिरतो तेव्हा त्याच्या पात्रावर शेवाळ दाटलेले असते, आणि प्रश्नपत्रिका पाहून भीतीचा वारा सुटतो. खाली पाणी आहे. पाठ केलेले कोठे नाहीसे झालेले नाही. दिसत नाही एवढेच. 'मला येत होते पण आठवले नाही' हे विद्यार्थी सांगतो तेव्हा तो बहुधा खोटे बोलत नसतो.

चिंतेने झोप उडणे हाही प्रकार निकायांना परिचित आहे. अनाथपिंडिक पहिल्यांदा भगवंतांच्या दर्शनाला जाणार होता, त्या रात्री उजाडले असे समजून तो तीनदा उठला, अशी कथा संयुत्तनिकायात आणि चुल्लवग्गात आहे; आणि भेट झाल्यावर त्याने पहिली विचारपूस केली ती भगवंतांना झोप सुखाची लागली काय ही. आळवीच्या हत्थकानेही हेच विचारले होते. तेव्हा भगवंत हिवाळ्याच्या ऐन कडाक्यात, शिंसपावनात, गुरांच्या वाटेवर पानांच्या अंथरुणावर निजलेले होते. जगात जे सुखाने झोपतात त्यांपैकी मी एक आहे, असे त्यांनी सांगितले; उबदार माडीत, मऊ गाद्यांवर निजणाऱ्याची झोप राग-द्वेष-मोहाच्या दाहाने जाते हे हत्थकाकडूनच वदवून घेतले. मेत्ताभावनेचे जे अकरा लाभ अंगुत्तरात मोजले आहेत, त्यांत पहिले तीन झोपेचेच आहेत : सुखाने झोप लागणे, सुखाने जाग येणे, वाईट स्वप्न न पडणे.

येथवर निकायांचे म्हणणे झाले. ज्यांनी हे निकाय शतकानुशतके केवळ स्मरणाच्या बळावर वाहून आणले, त्या भाणकांकडे आता पाहिले पाहिजे. इ. स. पूर्व पहिल्या शतकात, राजा वट्टगामणीच्या काळात, सिंहलद्वीपात तिपिटक लिपिबद्ध झाले. तोपर्यंत, आणि त्यानंतरही बराच काळ, धम्म कंठस्थ होता. दीघभाणक, मज्झिमभाणक, संयुत्तभाणक, अंगुत्तरभाणक असे वर्ग होते. जातकांचे आणि धम्मपदाचेही भाणक होते. ही केवळ सिंहली अट्ठकथांची कल्पना नव्हे. भरहुत आणि सांची येथील दानलेखांत 'भाणक' ही उपाधी कोरलेली आहे. महाराष्ट्रातही ती आहे. कार्ले येथील चैत्यगृहातील एका स्तंभावर सोपारकच्या, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याच्या, धम्मुत्तरीय निकायातील सातिमित नावाच्या भाणकाचे दान नोंदलेले आहे. लोणावळ्याच्या वाटेवर कार्ल्याला जाणाऱ्या आमच्या वाचकांनी त्या स्तंभापाशी क्षणभर थांबावे. कोकणच्या एका पाठांतरकाराचे नाव तेथे दोन हजार वर्षांच्या सुमारास दगडात टिकून आहे.

हे भाणक पाठ कसे करीत? विसुद्धिमग्गात शरीराच्या बत्तीस भागांची जी भावना सांगितली आहे, तीत पद्धतीचा चांगला नमुना मिळतो. सगळी यादी एकदम घोकावयाची नाही. तिचे लहान गट पाडावयाचे. पहिला गट त्वचेपर्यंतच्या पाच भागांचा. तो सुलट म्हणावयाचा, मग उलट म्हणावयाचा. मग दुसरा गट, आणि मग मागच्या गटाशी त्याची सांगड. आधी वाचेने, शंभर वेळा, हजार वेळा. वाचेने मुरले की मनाने. अट्ठकथाकार या कामासाठी रात्री मोजत नाहीत, दिवस आणि महिने मोजतात. एका बैठकीत, एका रात्रीत काही साधावयाचे आहे अशी घाई तेथे कोठेही दिसत नाही. त्याच ग्रंथात मज्झिमनिकायाच्या एका भाणकाची कथा आहे. ध्यानात गढल्यामुळे त्यांनी सुमारे वीस वर्षे निकायाची उजळणी केली नव्हती. तरी नंतर भिक्खूंपुढे म्हणून दाखविताना एका अक्षरालाही ते अडखळले नाहीत. कथेत अतिशयोक्ती असेल, आम्ही ती नाकारीत नाही. पण परंपरेला कोणत्या प्रकारचे स्मरण अभिप्रेत होते, ते तिच्यातून कळते.

अशा स्मरणाची परीक्षा कशी होई याचे एक सुंदर चित्र उदानात आणि महावग्गात आहे. अवंतीचा सोण कुटिकण्ण हा महाकच्चानांचा शिष्य. अवंतीत भिक्खू इतके विरळ, की उपसंपदेसाठी दहा जण गोळा होईपर्यंत तीन वर्षे गेली. उपसंपदा मिळाल्यावर तो लांबचा प्रवास करून सावत्थीला जेतवनात आला आणि त्याला भगवंतांच्याच निवासात जागा मिळाली. रात्रीचा बराच भाग भगवंत उघड्यावर बसले, मग पाय धुऊन आत गेले. सोणानेही तसेच केले. भगवंतांनी त्याला त्या रात्री काही म्हणावयास सांगितले नाही. पहाटे उठल्यावर सांगितले. सोणाने अट्ठकवग्गाची सोळाही सुत्ते, म्हणजे दोनशेहून अधिक गाथा, स्वरात म्हणून दाखविल्या. भगवंतांनी त्याच्या पाठांतराची आणि स्पष्ट वाणीची प्रशंसा केली आणि तुझे वर्षावास किती झाले असे विचारले. एकच झाला होता.

दुसरी रात्र आनंदाची. पहिल्या संगीतीच्या आदल्या दिवशी पाचशेत एकटे आनंदच अर्हत नव्हते. उद्या सभेत बसावयाचे आहे या जाणिवेने त्यांनी रात्रीचा बहुतेक भाग कायगतासतीत घालविला. फळ मिळाले नाही. पहाटे, आता अंग टेकावे म्हणून ते आडवे होऊ लागले, आणि डोके उशीला टेकण्यापूर्वी, पाय भूमीवरून उचलले गेले असताना, त्यांचे चित्त विमुक्त झाले. हे चुल्लवग्गाचे कथन. अट्ठकथा त्यात भर घालते, की आपले वीर्य अतिरेकाला गेले आहे आणि त्यामुळे चित्त चंचल होत आहे, ते सम करावे, असा विचार करून आनंद निजावयास निघाले होते. सोण कोळिविसाला भगवंतांनी दिलेला वीणेच्या तारांचा दृष्टांत येथे सहज आठवतो. धम्म ज्यांच्या स्मरणावर विसंबून होता, त्या बहुश्रुत आनंदांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण रात्रीची ही कथा आहे, हे ध्यानात घ्यावे.

झोप आणि मिद्ध एकच काय, हा प्रश्न अभिधम्मिकांना पडलेलाच होता. धम्मसंगणीत मिद्धाच्या वर्णनात पेंगणे आणि झोप हे शब्द येतात. मग नीवरणे क्षीण झालेला अर्हत झोपतो तो कसा? अट्ठसालिनीचे उत्तर असे, की त्याची झोप देहाच्या दुर्बलतेमुळे येते, क्लेशामुळे नव्हे. याच प्रश्नाला जोडून अनुराधपुरात एक मतभेद होता. अभयगिरीवासी मिद्धाला रूपात, म्हणजे शरीरधर्मात, गणू पाहत. महाविहाराने ते नाकारले, कारण नीवरण हे चित्ताचेच असले पाहिजे. वाद सूक्ष्म आहे आणि त्यात शिरण्याचे येथे कारण नाही. आमच्या कामाचे इतकेच, की थकलेल्या देहाची झोप हा दोष नाही, याविषयी महाविहाराला संदेह नव्हता. मिलिंदपञ्हात नागसेन झोपेच्या तीन अवस्था सांगतात : अंग जड होणे, मग 'कपिमिद्ध' म्हणजे माकडाची सावध झोप, आणि मग चित्त भवंगात जाणे, स्वप्न मधल्या अवस्थेत पडते. त्याच ग्रंथात स्मृती जागी होण्याचे सतरा प्रकार आहेत, आणि त्यांत पुस्तकाच्या आधाराने आठवणे हाही एक आहे. बाबासाहेबांनी ज्या राजाचे नाव आपल्या महाविद्यालयाला दिले, त्याने विचारलेले हे प्रश्न आहेत.

आधुनिक विज्ञानाने या विषयात काय पाहिले ते थोडक्यात नोंदवितो. कारण 'हे सर्व बुद्धांना आधीच ठाऊक होते' असे म्हणण्याची सवय आम्हाला घातक वाटते. भगवंतांचा प्रश्न दुःखमुक्तीचा होता, प्रयोगशाळेचा नव्हता. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस याने १८८५ साली निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून विस्मरण मोजले. पुन्हा पाठ करताना वाचणारे श्रम तासाभरानंतर ४४ टक्के, सुमारे नऊ तासांनंतर ३६ टक्के आणि पूर्ण दिवसानंतर ३४ टक्के, असे त्याचे आकडे आहेत. पहिल्या नऊ तासांत एवढी घसरण आणि पुढच्या पंधरा तासांत, ज्यात रात्रीची झोप आली, केवळ दोन टक्के! १९२४ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांवर हेच तपासले. दहा अक्षरगट पाठ करून आठ तास झोपल्यावर निम्म्याहून अधिक आठवत; आठ तास जागे राहिल्यावर सुमारे एकच. झोपेत नवा व्यत्यय येत नाही म्हणून असे होते, असे तेव्हा मानले गेले. पुढे कळले, की झोपेत मेंदू स्वस्थ बसलेला नसतो. १९९४ साली विल्सन आणि मॅकनॉटन यांनी दाखविले, की उंदीर जागेपणी ज्या वाटेने फिरला, त्या वाटेशी निगडित हिप्पोकॅम्पसमधील पेशी नंतरच्या झोपेत पुन्हा त्याच मेळाने उद्दीपित होतात. जणू सज्झायच चालू असतो. २००७ मधील एका अमेरिकी प्रयोगात रात्रभर जागविलेल्या तरुणांना चित्रे दाखविली. मधे दोन रात्री पुरती झोप मिळूनही ती चित्रे त्यांना इतरांपेक्षा कमी ओळखता आली. म्हणजे जागरणाने पूर्वीचे मुरत नाही इतकेच नव्हे, नवेही नीट आत शिरत नाही. चहाकॉफीने हा तोटा भरून निघत नाही. दिवसभर मेंदूत साचणाऱ्या अडेनोसिन या द्रव्याची थकव्याची खूण कॅफिन काही तास झाकून ठेवते. थकवा तेथेच असतो. तेरा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना आठ ते दहा तास आणि प्रौढांना किमान सात तास झोप हवी, ही आजच्या निद्रातज्ज्ञांची शिफारस आहे.

परंपरेची दुसरी बाजू सांगणेही प्रामाणिकपणाचे ठरेल. तेरा धुतंगांत 'नेसज्जिक' हे एक आहे. ते घेणारा कधीच आडवा होत नाही. धम्मपदट्ठकथेची पहिलीच कथा चक्खुपाल थेरांची आहे. वर्षावासाचे तीन महिने पाठ टेकावयाची नाही असा त्यांनी निश्चय केला. डोळे बिघडले, वैद्याने निजून औषध घालावयास सांगितले, त्यांनी ऐकले नाही. अर्हत्त्व आणि अंधत्व एकाच वेळी आले. ही कथा पूज्यभावाने सांगितलेली आहे आणि तो भाव आम्हालाही मान्य आहे. परंतु धुतंग हे स्वेच्छेचे असते, संघावर लादलेले नसते. आणि अट्ठकथाकाराने दृष्टी गेल्याचे मोल लपविलेले नाही.

शेवटी बाबासाहेबांकडे यावे लागते, कारण जागरणाचा आदर्श आमचे विद्यार्थी चक्खुपालांकडून नव्हे, त्यांच्याकडून घेतात. परळच्या चाळीतील दिवसांची हकीकत चरित्रकारांनी दिली आहे. कुटुंबाला एकच खोली. तीतच संसार, स्वयंपाक, जळण. बापलेकांना एकाच वेळी अंग पसरावयास जागा नव्हती. म्हणून भीमराव संध्याकाळी लवकर निजत. रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला उठवीत आणि त्याच्या जागी स्वतः निजत. मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत अभ्यास चाले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. ही हकीकत 'रात्री दोन वाजता उठून अभ्यास' एवढीच सांगितली जाते. तिचा पहिला अर्धा भाग गळतो : मुलगा आधी झोपलेला असे. त्याची झोप व्हावी म्हणून एक निवृत्त सुभेदार रोज मध्यरात्र उलटेपर्यंत ताटकळत बसे. या घरात झोपेला तुच्छ मानले जात नव्हते. जागा तुटपुंजी म्हणून पाळीपाळीने ती वाटून घेतली जात होती.

लंडनचे दिवस निराळे. तेथे ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसभर आणि खोलीवर पहाटेपर्यंत वाचन चाले. सोबत्याने निजण्याचा आग्रह केला, तेव्हा आपल्यापाशी अन्नाला पैसा नाही आणि झोपेला वेळ नाही, अशा आशयाचे उत्तर बाबासाहेबांनी दिल्याचे धनंजय कीर नमूद करतात. अपुऱ्या पैशांत आणि मोजक्या मुदतीत ज्याला एका समाजाचे ऋण फेडावयाचे होते, त्याची ती अगतिकता होती. तिला आम्ही वंदन करतो. तिचा अभ्यासक्रम करीत नाही. पुढच्या आयुष्यात मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी ते किती गांजले होते, हेही याच चरित्रांत आहे.

आजही आमच्या पुष्कळ मुलामुलींची रात्रीची जाग ही त्याच एका खोलीची जाग आहे. दिवसा घरात गलका, मुलींना स्वयंपाक आणि धाकटी भावंडे, मुलांना अर्धवेळ काम. म्हणून रात्री सगळे निजल्यावर पुस्तक उघडते. यांना 'लवकर निजा' एवढा उपदेश करणे निर्दयपणाचे होईल. विहारांनी करावयाचे ते वेगळेच आहे. अभ्यासिका संध्याकाळी पाचपासून उघड्या असाव्यात, रात्री दहाला बंद व्हाव्यात आणि पहाटे पाचला पुन्हा उघडाव्यात. मुलींना ये-जा करण्यास सोबत असावी. परीक्षेच्या महिन्यात लाऊडस्पीकर रात्री बंद राहील, हे मंडळांनी पाहावे, जयंतीच्या पंधरवड्यातसुद्धा. अठरा तासांचा उपक्रम जरूर चालू राहावा. तो पहाटे चारला सुरू होऊन रात्री दहाला संपला, तर मधला याम झोपेसाठी आपोआप मोकळा राहतो. आणि वार्षिक परीक्षा आठ-दहा दिवसांवर आली असेल, तर त्या वर्षी त्या तुकडीच्या विद्यार्थ्यांची नावे उपक्रमाच्या यादीतून वगळावीत.